एकोणतीस टाचा

एकोणतीस नवजात बाळांचं रक्त मी गच्चीवर उन्हात वाळत घातलं आणि खराब केलं.

यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगतो. सुरतेतल्या एका सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो. त्याआधीची आठ वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवण्यात गेली होती. तिथे कापडाचा रंगवलेला तुकडा ओला असेपर्यंत त्याचा खरा रंग कळत नाही आणि व्यापारी तर दारात उभा असतो. म्हणून तुकडा इस्त्रीखाली धरायचा, नाहीतर उन्हात फेकायचा. जो लवकर वाळवेल तो हुशार. ही हुशारी मी सोबत घेऊन आलो.

इस्पितळातलं काम वेगळं होतं. बाळ जन्मून दोन-तीन दिवस झाले की त्याच्या टाचेला बारीकसं टोचायचं, जाड शोषकागदाच्या कार्डावर छापलेल्या गोलांत रक्ताचे थेंब घ्यायचे, कार्ड सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळू द्यायचं आणि मग तपासायचं. मेंदूची वाढ जिच्यावर ठरते ती गळ्यातली ग्रंथी काम करते का, दूध पचवणारं द्रव्य अंगात आहे का, अशा गोष्टी त्या थेंबांवरून कळतात. बाळाकडे बघून कळत नाहीत. दिसायला लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. सरकारने ही तपासणी सगळ्या बाळांसाठी फुकट केली होती, आणि त्या सगळ्या बाळांची कार्डं वाळवण्याचं काम माझ्याकडे होतं.

श्रावणातली सुरत. हवेत इतका ओलावा की कार्डं दुपारपर्यंत दमट. त्यात चार दिवसांनी एकदाचं ऊन पडलं. मी ट्रे उचलले, गच्चीवर नेले आणि कार्डं उडू नयेत म्हणून कडांवर खडे ठेवले. खडे धुऊन ठेवले होते. चौकशीच्या वेळी हे मी दोनदा सांगितलं, पण त्याचा काही परिणाम झाला नाही.

"सोनवणेभाई, आ शुं कर्युं?" प्रयोगशाळेच्या मॅडमनी एक कार्ड चिमटीत धरून विचारलं. ते खाकऱ्यासारखं कडक झालं होतं. जे शोधायचं तेच उन्हाने मारलं जातं, हे मला तेव्हा समजलं. एकोणतीस बाळांना पुन्हा टोचायचं होतं, आणि तोवर ती सगळी घरी गेलेली होती.

त्या दुपारी मंगलसिस्टरची आणि माझी खरी ओळख झाली.

मंगल खैरनार मूळच्या अमळनेरकडच्या. तीसेक वर्षं सुरतेत, राहायला उधन्यात. वय पंचावन्नच्या पुढे. उंची बेताची, चालणं मात्र बेताबाहेरचं. धड आधी निघायचं, पाय मागून यायचे. ज्या बाळाची तपासणी पुन्हा करायची त्याला शोधून काढणं हे त्यांचं काम. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा उंबऱ्यात उभ्याने, बशीत ओतून, एक पाय बाहेर ठेवून. बाळांचं वय त्या तासांत सांगत. "हा एकसष्ट तासांचा. ही अजून चाळिसाची, उद्या टोचू." एकदा त्यांनी मला माझं वय विचारलं. मी छत्तीस वर्षं म्हणालो. "मग आता काही करता येणार नाही," असं म्हणून त्या पुढे गेल्या.

त्या दिवशी त्या ओरडतील अशा तयारीने मी उभा होतो. त्यांनी कडक झालेली कार्डं पत्त्यांसारखी पिसून पाहिली, प्रत्येकावरचं आईचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "जेवलात?"

"नाही."

"जेवून घ्या. एकोणतीस घरं आहेत. पिशवी तुम्ही धरायची."

बाळाला तेव्हा नाव नसतं. कार्डावर असतं 'सुनीता पाटील यांचं बाळ', आणि उधन्यात सुनीता पाटील हाक मारली तर अर्धी गल्ली वळून बघते. पत्त्याच्या जागी 'शाळेमागे' असं असतं आणि फोन लागला तर मालकाला लागतो. मी पहिल्याच गल्लीत पत्ता वाचायला थांबलो. सिस्टर थांबल्या नाहीत.

"कागदात काय बघता? वर बघा. दुपटी कुठे वाळताहेत?"

तिसऱ्या मजल्यावर चिमुकली दुपटी आणि टोपडी वाळत होती.

"आणि नाक कशाला दिलंय? ओव्याची धुरी येते का कुठून?"

येत होती. बाळंतिणीच्या खोलीची ती धुरी मी जन्मभर ओळखत होतो, पण तिचा पत्ता म्हणून उपयोग होतो हे ठाऊक नव्हतं. आम्ही जिना चढलो. दारात बाळाची आजी उभी राहिली आणि म्हणाली, "एकदा टोचलं ना? मग परत कशाला?"

सिस्टरनी माझ्याकडे हात केला. "हे साहेब सांगतील."

मी घसा साफ केला. यंत्रसामग्री, हवामान, तांत्रिक कारणं असं काहीतरी सुरू केलं.

"पाल्हाळ नको," सिस्टर म्हणाल्या. "चूक सांगा."

"मी तुमच्या नातवाचं रक्त उन्हात वाळत घातलं. खराब झालं."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सिस्टरना म्हणाली, "शिकेल हळूहळू. या आत."

असं एकोणतीस वेळा. एका घरी बाळाचा बाप म्हणाला, "मग यांना काढलं नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "काढलं असतं तर हे तुम्हाला सांगायला कोण आलं असतं?" एका घरी तीन बायकांनी शेजारणींना बोलावून आणलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. दहाव्या घरापर्यंत माझ्या गोष्टीला आकार यायला लागला होता. डाइंग मिल, दमट हवा, धुतलेले खडे, लोक हसत कुठे, गप्प कुठे होत, सगळं मी जुळवत आणलं होतं. बाराव्या घरी मी खड्यांपर्यंत पोचलो तेव्हा सिस्टर बाळाला टोचून, कार्ड डब्यात आडवं ठेवून, जिन्यात उभ्या होत्या.

खाली आल्यावर मी जरा चिडून विचारलं, "दर घरी मला कशाला बोलायला लावता? मशीन बिघडलं म्हणा की."

त्या चालतच म्हणाल्या, "पुन्हा टोचायचं म्हटलं की आईला वाटतं, आपल्या बाळात खोट आहे. तिचं दूध आटतं. खोट तुमच्यात आहे हे तिला आधी कळू दे."

टोचण्याची त्यांची एक पद्धत होती. बाळाचं पाऊल दोन्ही तळहातांत धरून ऊब येईपर्यंत चोळायच्या आणि बोलायच्या त्या टाचेशी. "चल बाई, एक थेंब. लांबचे आलोय." चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. टोचलं की बाळ किंचाळायचं, आई कळवळायची, आणि या समाधानाने म्हणायच्या, "रडला. छान." यावरून दोन आयांशी त्यांचं भांडण झालेलं मी पाहिलं.

पण एका घरी उलटं झालं. बाळाची मावशी कौतुकाने म्हणाली, "आमची छकुली भारी गुणाची. रडतच नाही." सिस्टर चप्पल काढता काढता थबकल्या. दूध किती वेळ पिते, शी रोज होते का, पिवळेपणा उतरला का, आवाज घोगरा आहे का, एकामागून एक प्रश्न. टोचल्यावर छकुली बिल्डिंग हादरेल अशी रडली. तरी पुढच्या दोन्ही घरी सिस्टरनी आधी विचारलं, बाळ रडतं का. मग एका कोपऱ्यावर, रिक्षा जायची वाट बघताना, आपण होऊन म्हणाल्या, "माझ्या भावाची मुलगी अशीच होती. शांत. मी तेव्हा नर्स होते, पाळण्याजवळ बसून मीच म्हटलं होतं, किती गुणाचं बाळ आहे. तेव्हा ही कार्डं नव्हती. आज ती एकोणीस वर्षांची आहे, वेणी आई घालून देते." रिक्षा गेली. "चला."

चार दिवसांत अठ्ठावीस टाचा झाल्या. अठ्ठावीस कार्डं, आणि मॅडमनी सांगितलं की सगळी ठीक.

एकोणतिसावी खोली बंद होती. 'रेखा महाजन यांचं बाळ.' शेजारीण म्हणाली की रेखाची आई येऊन तिला आणि बाळाला गावी घेऊन गेली, तिकडे नंदुरबारच्या पुढे. नवरा कडोदऱ्याला लूमवर कापड विणतो, बारा-बारा तास.

"बाळ कसं होतं?" सिस्टरनी विचारलं.

"अगदी शांत. घरात बाळ आहे हे भिंतीला कळायचं नाही."

सिस्टरनी त्या दिवशी चहा उभ्यानेही घेतला नाही.

रेखाच्या नवऱ्याचा फोन वाजायचा आणि कोणी उचलायचं नाही. लूमच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, हे सुरतेत कोणालाही माहीत आहे. तरी मी दोन दिवस टेबलाशी बसून फोन करत राहिलो आणि वहीत 'उत्तर नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहीत राहिलो. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी वही मिटली. "अक्षर चांगलं आहे. उठा."

कडोदऱ्याच्या त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागत होतं. रेखाचा नवरा किसन, पंचविशीचा, अंगावर सुताची पांढरी लव. बाळात काही असेल असं तो मानायला तयार नव्हता. "दूध पितो, झोपतो. दिसायला एकदम चांगला आहे."

सिस्टर त्याच्या लूमकडे बोट दाखवून ओरडल्या, "ताण्यातला धागा तुटला तर काय करतोस?"

"मशीन थांबवतो. गाठ मारतो."

"लगेच?"

"लगेचच मारावी लागते. नाहीतर दोष तागाभर जातो."

"मग नंतर मारली गाठ तर?"

"पुढचं सुधारतं. विणून झालेलं कसं सुधारणार?"

सिस्टरनी लूमकडचं बोट पिशवीतल्या कोऱ्या कार्डाकडे वळवलं. किसनने मशीन बंद केलं, हात पुसले आणि सासऱ्यांचा नंबर दिला. "पण ते ऐकायचे नाहीत. सव्वा महिना बाळ घराबाहेर काढत नाहीत आमच्यात."

सासऱ्यांनी फोनवर नेमकं तेच सांगितलं. बाळ तेव्हा अकरा दिवसांचं होतं. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालं तर उत्तम, असं मॅडमचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, "बाळ बाहेर येत नाही ना? आपण आत जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उधन्याहून गाडी पकडली. बसायला जागा होती, पण त्या बसल्या होत्या जणू गाडी त्याच ढकलत होत्या. दर स्टेशनला घड्याळ बघायच्या. व्यारा गेलं, नवापूर गेलं. मी वडे घेतले. त्यांनी तेलकट कागदाला बोट पुसलं आणि वडा मलाच परत दिला. "सिस्टर, बहुतेक काहीच नसेल," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "'बहुतेक काही नसेल' हे माझ्या भावालाही सांगितलं होतं मी."

गावात पोचलो तर दारात मांडव. बारावा दिवस, बारसं. पाळण्याला फुगे बांधलेले, घुगऱ्यांची पातेली, ओट्यावर बायकाच बायका. रेखाची आई, जिला सगळे जिजी म्हणत होते, आमचं येण्याचं कारण ऐकून पाळण्याआड उभी राहिली. "आज नाव ठेवायचा दिवस. आज रक्त निघायचं नाही."

सिस्टर अहिराणीवर आल्या. "जिजी, पोऱ्या रडस का?"

"नही वं माय. भलता गुनी शे."

हे जिजी किती अभिमानाने म्हणाली. आणि सिस्टरचा चेहरा किती उतरला, ते फक्त मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे वळून हात केला. "हे साहेब सांगतील."

मांडवात पन्नास बायका, रेखा, तिचा बाप आणि गावातले चार-दोन पुढारी. माझी घडवलेली गोष्ट तयार होती. पण पाळण्यात ते बाळ होतं, जीभ किंचित बाहेर, डोळे मिटलेले, एवढ्या कलकलाटात झोपलेलं. आणि मला खडे आठवेनात. "याचं रक्त घेतलं होतं," मी म्हणालो. "मी ते उन्हात ठेवलं, खराब केलं. चूक माझी आहे. आठवडा गेला."

बायका हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला. रेखाचे वडील हसले नाहीत. पांढरी टोपी सारखी करत त्यांनी विचारलं, "सुरतेहून तुम्ही एवढंच सांगायला आलात?"

"हो."

"आपण मूर्खपणा केला हे सांगायला कोणी एवढं लांब येत नाही." मग जिजीकडे बघून, "काहीतरी असेल. दे त्यांना पाय."

रेखाने स्वतः बाळाला उचललं. सिस्टरनी पाऊल हातात घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळलं. टोचल्यावर बाळ लगेच रडलं नाही. बऱ्याच वेळाने एक बारीक, घोगरा आवाज आला. सिस्टर 'छान' म्हणाल्या नाहीत. बाळाचं नाव ठेवलं गेलं, यश. आम्ही घुगऱ्या रुमालात बांधून घेतल्या आणि निघालो.

परतीच्या गाडीत ओलं कार्ड माझ्या मांडीवर, डब्याच्या झाकणात आडवं. "खिडकीशी नको, ऊन येतंय," "तिकडे नको, पंखा थेट लागतोय," असं करत सिस्टरनी मला तीन जागा बदलायला लावल्या. समोरच्या माणसाने हात जोडून विचारलं, "प्रसाद आहे का?" मी म्हणालो, "नाही, रक्त आहे." त्यानंतर आमच्या बाकावर ऐसपैस जागा झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी कागद हातात घेतला आणि एकदा वाचून पुन्हा वाचला. यशची ग्रंथी जवळजवळ काम करत नव्हती. सिस्टर फोनकडे गेल्या. निघताना त्यांनी रेखाच्या वडिलांना बाजूला नेऊन सांगून ठेवलं होतं की फोन आला तर सव्वा महिना मोजत बसायचं नाही. त्यांनी मोजला नाही. पुढच्या सकाळी म्हातारा, रेखा आणि दुपट्यातलं बाळ असे तिघे दारात हजर. शिरेतलं रक्त घेऊन खात्री केली, आणि चौदाव्या दिवशी रेखाने गोळीचा चुरा स्वतःच्या दुधात कालवून चमच्याने त्याला पाजला. सिस्टर बाजूला उभ्या होत्या. तो चमचा रिकामा झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या. तेवढंच.

हेच आठवडाभर आधी व्हायला हवं होतं. मधला आठवडा माझा. मी काही दिवस सिस्टरना विचारत राहिलो, त्या आठवड्याने काही बिघडलं असेल का. एकदा त्या वैतागल्या. "तीन वर्षांनी विचारा. रोज विचारून त्याचं डोकं वाढणार आहे का?"

तीन वर्षांनी मी विचारायची गरज पडली नाही. यश तपासणीला आला, माझ्या टेबलावरची रबरी शिक्क्याची गादी उघडून त्याने दोन्ही हात निळे केले, मॅडमना गुजरातीत आणि मला मराठीत 'नको' म्हणाला आणि किसनने धरेपर्यंत भिंतीवर चार पंजे उठवून झाले होते. सिस्टर ते पंजे बराच वेळ बघत होत्या. पुसायला आलेल्या बाईला त्यांनी दुसरं काम सांगितलं.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. नानखटाई, शाल, फुलांचा गुच्छ. मॅडम बोलत होत्या आणि सिस्टरची नजर माझ्या हातातल्या कार्डावर. सचिनकडचं बाळ, तपासणी पुन्हा करायची, फोन बंद. टाळ्या संपायच्या आत त्या जिन्यात होत्या. मी पिशवी घेऊन मागे.

सचिनच्या त्या चाळींशी रिक्षातून उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या. गुच्छ कुठे ठेवावा ते न कळून अजून हातातच होता.

"आता तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"एकटा?"

"मॅडमशी बोलले आहे मी. उद्यापासून हे काम तुमच्याकडे."

मला भरून आलं. इतक्या शिकलेल्या नर्सेस, इतके तंत्रज्ञ, आणि त्यातून मी. काहीतरी चार शब्द त्यांच्या तोंडून ऐकावेत म्हणून मी विचारलं, "सिस्टर, एवढ्या लोकांतून मलाच का?"

त्या गल्लीत कुठे दुपटी दिसतात का ते बघत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हुशार माणूस विचार करत उभा राहतो. तुमची तशी काही अडचण नाही. निघा."